अथेन्सच्या भांड्यांवरची काळी झिलई: लेप आणि भट्टी

इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांतल्या अथेन्सच्या भांड्यांवर जी चकचकीत काळी झिलई दिसते, तो वेगळा रंग नव्हे. भांड्याप्रमाणे तीही लोहयुक्त मातीचीच. फक्त माती अतिशय बारीक गाळलेली. म्हणून सगळी मेहनत गाळण्यात घाला. चित्रकाम नंतर शिकता येतं, भरड लेपाला मात्र काही इलाज नाही.

1 किलो सुकी, लोहयुक्त तांबडी चिकणमाती 5 लिटर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात भिजवा. त्यात 5 ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (मातीचे कण सुटे ठेवणारं रसायन) विरघळवा आणि चांगलं घुसळा. भांडं 48 तास अजिबात हलवू नका. वरचा एक तृतीयांश गढूळ द्राव नळीने अलगद काढा, बाकीचा गाळ टाकून द्या. काढलेला द्राव पुन्हा 2 दिवस ठेवून वरचाच भाग घ्या आणि तो पातळ सायीइतका दाट होईपर्यंत उन्हात आटवा. बोटांत चोळल्यावर जराही कचकच लागता कामा नये. दख्खनची काळी माती इथे चालत नाही: ती फुगते, तडकते आणि तिच्यातल्या चुन्यामुळे कण गोळा होऊन खाली बसतात.

घडवलेलं भांडं अर्धवट वाळून चामड्याइतकं घट्ट झालं की दगडाने किंवा चमच्याच्या पाठीने घोटून गुळगुळीत करा. मऊ कुंचल्याने लेप द्या. वाळल्यावर थर केसापेक्षा जाड राहिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. काळी आकृती हवी असेल तर लेपावर अणकुचीदार टोकाने रेषा कोरा, इ.स.पू. 530 च्या सुमाराला आलेल्या तांबड्या आकृतीच्या शैलीत आकृतीची जागा लेपाविना सोडून भोवतालची जागा लेपाने भरतात.

भट्टी एकदाच लावायची, पण तीन टप्प्यांत. पहिल्यांदा भरपूर हवा देत 800 अंश सेल्सिअसपर्यंत न्या. सगळं तांबडं दिसेल. मग हवा बंद करून ओलं लाकूड टाका आणि धुरातच 945 अंशांपर्यंत चढवा. इथे लोह काळं पडतं आणि बारीक लेप वितळू लागून त्याची छिद्रं मिटतात, भांड्याचं अंग मात्र सच्छिद्रच राहतं. उष्णता 875 अंशांवर उतरली की हवेची वाट पुन्हा उघडा. प्राणवायू अंगात शिरतो, ते तांबडं होतं. मिटलेल्या लेपात शिरत नाही.

झिलई तांबूस आली तर दुसऱ्या टप्प्यातली उष्णता कमी पडली, लेप मिटलाच नाही. अंग राखाडी राहिलं तर हवा उशिरा किंवा थोडी मिळाली. एकात एक रचलेल्या भांड्यांवर धूर न पोचलेल्या जागी तांबडी वर्तुळं उमटतात. अशी जुनी भांडीही सापडली आहेत, तेव्हा मध्ये अंतर ठेवा.

गॅसची किंवा लाकडाची भट्टी वापरा, विजेच्या भट्टीत धुराने तारा जळतात. दुसऱ्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, म्हणून हे काम उघड्यावरच करा. तापमापकावर एकट्यावर विसंबू नका: अथेन्सचे कुंभार लेप लावलेले, भोक पाडलेले खापराचे तुकडे भट्टीत ठेवून सळईच्या आकड्याने एकेक बाहेर ओढून पाहत. तसे चार-पाच तुकडे झरोक्याजवळ ठेवा. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी काढलेला तुकडा काळा असेल तर हवा उघडण्याआधी लेप मिटला का, ते त्याच्या चमकेवरून ठरवा. मंद दिसला तर आणखी 20 मिनिटं धूर द्या.