हॉटस्पॉट की मायफाय? दोन हजार घालवण्याआधी या चुका टाळा

फोनच्या हॉटस्पॉटवर मीटिंग अडकली की लोक लगेच मायफाय, म्हणजे सिम टाकून वाय-फाय देणारा खिशातला डबा, मागवतात. चार दिवसांनी खोकं येतं, सिम त्यात जातं आणि मीटिंग पुन्हा तिथेच अडकते. अडकणारच. टॉवर तोच, सिम तेच, पॅक तोच. दुखणं टॉवरचं, फोनचं की पॅकचं, एवढं शोधायला अर्धा तास लागतो, पण तेवढा धीर कुणाला नसतो.

दुसऱ्या सिमचा कॉल आणि 'इथे रेंज येते-जाते'

ही चूक इतक्या वेळा दिसते की हिच्यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं. नेहमीचं दृश्य असं: सुट्टीला गावी गेलेला एक जण पडवीत लॅपटॉप मांडून बसलाय, फोन शेजारी, हॉटस्पॉट चालू. डेटा एका सिमवर. नातेवाइकांकडे आणि बँकेत दिलेला जुना नंबर दुसऱ्यावर. मीटिंग छान चाललेली असते. तेवढ्यात जुन्या नंबरवर मावशीचा फोन येतो आणि स्क्रीनवरचे चेहरे गोठतात. लॅपटॉपवर वाय-फायच्या कांड्या मात्र भरलेल्या. मावशीचं बोलणं संपतं आणि थोड्याच वेळात सगळं पूर्ववत. असं दिवसातून तीनदा झालं की निदान होतं 'गावाला रेंजच नाही', आणि मायफायची ऑर्डर जाते.

रेंज कुठेही गेलेली नसते. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये दोन्ही सिम एकाच रेडिओवर चालतात. एका सिमवर कॉल लागला की दुसऱ्याचा डेटा तेवढा वेळ थांबतो. लॅपटॉपवरच्या कांड्या फक्त फोन ते लॅपटॉप एवढ्या चार फुटांची खबर देतात. टॉवरशी काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं.

उपाय फुकट आहे. मीटिंगपुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा, किंवा त्याचे कॉल डेटाच्या सिमवर फॉरवर्ड करा. अनेक फोनमध्ये कॉल चालू असताना डेटा त्या दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय असते, पण मग त्या सिमवरही डेटा पॅक हवा. डेटाच्याच सिमवर कॉल आल्यावर नेट तुटत असेल तर व्होल्टे (फोर-जीवरूनच कॉल करायची सोय) बंद आहे का ते बघा. ते बंद असेल तर फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि डेटा तुटतो.

फोनमधलं सिम काढून मायफायमध्ये टाकणं

घाईच्या चुकांमध्ये ही सगळ्यात महाग. फायव्ह-जी फोनवर 'अनलिमिटेड' नेट मिळतंय म्हणून तेच सिम फोर-जी मायफायमध्ये सरकवतात. ती अनलिमिटेडची सवलत फायव्ह-जीपुरती असते. मायफाय फोर-जी, म्हणजे आता रोजचे २ जीबी, आणि ते संपले की वेग ६४ केबीपीएस. चित्र चालू ठेवून ग्रुप कॉल केला तर तासाला एक जीबीच्या आसपास जातो. जेवायच्या आत कोटा खलास.

शिवाय मुख्य नंबर मायफायमध्ये गेला की ओटीपीची वाट बघत बसा. यूपीआय ॲप फोनमध्ये ते सिम शोधतं, सापडलं नाही की अडून बसतं. मायफायसाठी सिम वेगळंच हवं, आणि शक्यतो फोनमधल्या कंपनीचं नको. मायफायचा खरा फायदा तोच: एका कंपनीचा टॉवर झोपला की दुसरी हाताशी. विकत घेण्याआधी शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन मागून रात्री नऊ-दहाच्या सुमारास त्यावर वेग मोजा. दुपारी तीनला मोजलेला वेग कुठल्याही गावात सुंदरच दिसतो.

वेगळं यंत्र म्हणजे जास्त वेग, हा समज

स्वस्तातले मायफाय बहुतेक कॅटेगरी ४ चे (फोर-जी वेगाची एक पायरी) असतात: कागदावर १५० एमबीपीएस, तेही एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर. आजचा मधल्या किमतीचा फोन दोन-तीन बँड एकत्र जोडतो. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की फोनच पुढे राहतो.

डबा कुठे ठेवता?

टीव्हीच्या शोकेसमध्ये, फ्रीजवर, पत्र्याच्या छपराखाली ठेवला तर नेट येणार कुठून? जांभ्याची जाड भिंत आणि पत्रा, दोन्ही सिग्नल खातात. कांड्यांवर जाऊ नका, आकडा बघा: अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंथ. उणे ९० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा शून्याच्या त्याहून जवळचा, म्हणजे उणे ८० सारखा, आकडा चांगला. उणे ११० च्या पलीकडे गेला तर कुठलाही डबा घ्या, रडतच चालेल. फोन हातात धरून घरभर फिरा, प्रत्येक खिडकीत मिनिटभर थांबा. चांगली खिडकी सापडली की डबा तिथे, लॅपटॉप कुठेही.

एकच लॅपटॉप असेल तर वाय-फाय हॉटस्पॉटच्या भानगडीत पडूच नये. केबल लावून यूएसबी टेदरिंग करा. फोन कमी तापतो आणि चार्जही होतो. पर्याय फिका दिसत असेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे, डेटाची आणा. मॅकवर अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग बऱ्याचदा चालत नाही, तिथे मात्र वाय-फायच. एक खोच मात्र आहे: केबलने जोडलेला फोन विंडोजला इथरनेट वाटतो आणि ते बिनधास्त अपडेट ओढू लागतं. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेटमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (नेट मोजून मिळतंय असं विंडोजला सांगणारी सेटिंग) चालू करा. हे न करता 'पॅक कुठे जातो कळत नाही' म्हणू नये.

हॉटस्पॉट आपोआप बंद होतो? कुणी जोडलेलं नसलं की तो बंद करणारी सेटिंग काढून टाका.

मायफाय चोवीस तास चार्जरवर ठेवलात तर बॅटरी फुगू शकते आणि मागचं झाकण उचललं जातं. फुगलेली दिसली की वापर तिथेच थांबवा, दाबून बसवू नका.

सिम कंपनीने विकलेला मायफाय बहुधा त्याच कंपनीच्या सिमला लॉक असतो. बाहेरदेशातून आणलेल्यात बँड ५ आणि ४० आहेत का ते आधी बघा, नाहीतर जिओ नीट पकडणार नाही. सिम टाकूनही नेट नसेल तर एपीएन (सिमला नेटशी जोडणारं नाव, मायफायच्या सेटिंगमध्ये असतं) तपासा: जिओला 'जिओनेट', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट', दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत.

मग मायफाय घ्यावा कधी? फोन घेऊन तुम्ही बाहेर पडलात तरी घरच्यांना नेट हवं असेल तेव्हा, किंवा रोज तीन-चार यंत्रं सहा-सात तास चालणार असतील तेव्हा. सीसीटीव्हीसाठी घेत असाल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट काढण्याच्या, नादी लागू नका. मोबाइल नेटवर तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बहुधा शेकडो जणांत वाटलेला असतो, बाहेरून थेट दार उघडत नाही. कॅमेरा बनवणाऱ्याच्या ॲपवरून चालणारा कॅमेरा घ्या.