काचेच्या छताखाली दोरावरचं काम: खान्देशातल्या नवीन पोरांसाठी थोडं सविस्तर

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं विचारतात की भो, ते दोरावर लटकून काचा साफ करायचं काम कसं मिळतं, कोर्स कुठला करायचा, पैसे बरे मिळतात का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी स्वतः आयटीआय फिटर, अमळनेर तालुक्यातला, आणि माझं बरंचसं काम बिल्डिंगच्या बाहेरून नाही तर आतून असतं, म्हणजे एअरपोर्ट, मॉल, मोठी हॉस्पिटलं, आयटी पार्क, जिथं मधोमध उंच मोकळी जागा असते आणि वर काचेचं छत. त्याला एट्रियम म्हणतात.

सगळ्यांना वाटतं की आतलं काम सोपं, वारा नाही, पाऊस नाही, वर रेल तयार लावलेली, फक्त अडकवायचं आणि लटकायचं. तसं नाहीये. बाहेर भिंतीवर अडचण आली तर बहुतेक वेळा दोर सरळ जमिनीपर्यंत गेलेला असतो, खाली उतरून येता येतं. आत छताच्या पोटाला लटकलेला माणूस अडकला तर त्याला उतरवायचा रस्ता आधी बनवून ठेवलेला असेल तरच असतो, नाहीतर नसतो. नवीन पोराने पहिल्या दिवसापासून हेच डोक्यात ठेवावं असं माझं ठाम मत आहे, सर्टिफिकेटची लेव्हल वाढवायच्या मागे नंतर लागा.

आधी हे कळू द्या की बिल्डिंगवाले परमनंट सिस्टीम बसवतातच कशाला. एट्रियमच्या मधोमध एस्केलेटर असतात, झाडं असतात, कारंजं असतं, खालची फरशी बूमलिफ्टचं वजन घेईलच असं नाही, आणि परांची बांधायची म्हटली तर कित्येक दिवस जागा बंद. देशात २०१० ला दिल्लीचं टर्मिनल ३ आलं, २०१४ ला मुंबईचं टर्मिनल २, आणि आता तर आपल्याकडच्या शहरांतही काचेच्या उंच बिल्डिंगी उभ्या राहतायत. या सगळ्यांच्या छताखाली लाईट, स्मोक डिटेक्टर, स्प्रिंकलर, कॅमेरे, काचांचे सांधे, धूळ आणि कबुतरांची घाण हे सगळं असतंच, त्यामुळे शहाणा आर्किटेक्ट बांधकामाच्या वेळीच वर स्टीलला कायमचे अँकर, म्हणजे दोर अडकवायचे पक्के पॉइंट, किंवा रेल लावून घेतो. जिथे हा विचार आधी झालेला नसतो तिथे आपलं काम तिप्पट अवघड होतं, हे खात्रीने सांगतो.

सिस्टीम साधारण तीन प्रकारच्या दिसतील. एक म्हणजे ओळीने लावलेले आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट), ज्यावर एकातून दुसऱ्यात असं लटकत पुढे सरकायचं, त्याला एड क्लाइंबिंग म्हणतात. दुसरी ताणलेली वायर. तिसरी कडक अ‍ॅल्युमिनियमची रेल, तिच्यात चाकांची ट्रॉली पळते आणि ती वळणावरूनही जाते. युरोपचं स्टँडर्ड ईएन ७९५ यांना वेगवेगळी अक्षरं देतं, एका जागचा पक्का अँकर ए, आडवी वायर सी आणि कडक रेल डी. अक्षर पाठ करा पण तिथेच थांबू नका, कारण पुष्कळ वायरी फक्त कोणी पडला तर अडवायला लावलेल्या असतात, त्यावर दिवसभर लटकून काम करायला नाही. ड्रॉइंगवर किंवा मॅन्युअलमध्ये रोप ॲक्सेससाठी (म्हणजे दोरावर लटकून काम करायला) चालेल असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे आणि एका वेळी किती माणसं हेही. नुसती वायर दिसली म्हणून हुक लावायचा नाही.

वायरचं गणित समजून घ्या, इथे नवीन पोरं फसतात. घरामागे कपड्याची तार खूप ताणून बांधली आणि त्यावर ओली गोधडी टाकली तर खुंटी उपटून येते, थोडी सैल ठेवली तर टिकते, तेच इथे होतं. दोन अँकरमधून आलेल्या दोरांचा कोन ९० अंश असेल तर प्रत्येक अँकरवर वजनाच्या साधारण ७० टक्के ओढ येते, १२० अंशाला प्रत्येकावर पूर्ण वजन, आणि १६० अंशापर्यंत सपाट केलं तर जवळजवळ तिप्पट. म्हणून वाय हँग, म्हणजे दोन अँकरवरून Y सारखा येणारा दोर, बांधताना कोन लहान ठेवा, आणि परमनंट वायर ढिली वाटली म्हणून आपल्या मनाने आवळायची नाही, तिचा झोल डिझाइनवाल्याने मोजून ठेवलेला असतो.

आता रेलवरचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगतो. आपल्या धंद्याचा पाया म्हणजे दोन दोर, एक वर्किंग लाईन ज्यावर आपण बसतो आणि एक सेफ्टी लाईन ज्यावर बॅकअप डिव्हाइस (पडलो तर दोर पकडणारं यंत्र) चालतं, आणि दोन्हींचे अँकर वेगळे. आयराटा या दोरकामाच्या संस्थेच्या नियमावलीत प्रत्येक अँकरची ताकद किमान १५ किलोन्यूटन धरतात, म्हणजे ढोबळमानाने दीड टन, आणि तो आकडा असाच नाही आला, पडताना माणसाच्या अंगावर ६ किलोन्यूटनपेक्षा जास्त झटका येऊ नये आणि त्यावर अडीच पट सेफ्टी. छताखाली मी काम करतो तेव्हा ट्रॉली हाताने ओढत नाही, आधी पुढच्या ट्रॉलीचं काउटेल (हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, जोडलेला आखूड दोर) लावतो, बसतो, वजन जातंय का बघतो, मग मागचं सोडतो. रेलच्या जोडावर चाक आलं की बारीक टक असा आवाज येतो आणि हाताला कळतं, तिथे थांबून जोडाचे बोल्ट आणि एंड स्टॉप (रेलच्या टोकाचा अडसर) बघायची सवय लावा. छत उताराचं असेल तर ट्रॉली आपोआप खालच्या बाजूला पळते, तिला लॉक किंवा बांधून ठेवल्याशिवाय दोन्ही हात कामाला लावायचे नाहीत.

अन आता रेस्क्यू. हार्नेसमध्ये माणूस हालचाल न करता लटकून राहिला, म्हणजे बेशुद्ध झाला किंवा पाय हलवता येईना, तर थोड्या मिनिटांत त्याची तब्येत बिघडू शकते. फायर ब्रिगेड येईल ही योजना होत नाही, त्यांची शिडी एट्रियमच्या आत येणार तरी कुठून? म्हणून आम्ही जिथे शक्य तिथे दोर असा बांधतो की वरच्या अँकरलाच डिसेंडर, म्हणजे दोर हळूहळू सोडणारं यंत्र, असतो आणि वर दोर पुरेसा शिल्लक ठेवलेला असतो, माणूस अडकला तर दुसरा जण अँकरजवळूनच त्याला खाली सोडतो, त्याच्यापर्यंत लटकत जायची गरज पडत नाही. कामाच्या आधी सुपरवायझरला एकच प्रश्न विचारा, मी इथे या जागी बेशुद्ध झालो तर मला कोण आणि कसं खाली आणणार? उत्तर देताना तो बोटाने वर जागा दाखवू शकला तर ठीक, आणि नुसतं होईल रे म्हणाला तर वर चढू नका, नवीन असलात तरी.

अशी एक वेळ आमच्यावर आली होती. एका मॉलमध्ये रेलवरच्या टॅगची तपासणीची तारीख उलटून गेलेली. अँकर आणि रेल वर्षातून एकदा तरी जाणकार माणसाकडून तपासून घ्यायच्या असतात. मॅनेजर म्हणे रेल तर नवी कोरी दिसतेय, सणाची गर्दी तोंडावर आलीय, उद्या टॅग लावू. आमच्या लेव्हल थ्रीने, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरने, काम थांबवलं, बरीच बोलणी खाल्ली, पण पोरांना वर जाऊ दिलं नाही. मला तो माणूस त्या दिवशी जास्त आवडला.

काचेबद्दल थोडं. टफन काच क्वचित कधी कोणी हात न लावताही फुटते, आत निकेल सल्फाइडचा कण अडकलेला असेल तर, आणि तिचे बारीक खडे होतात. लॅमिनेटेड काचेत मधे प्लॅस्टिकचा थर असतो, ती फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. दोन्हींवर पाय द्यायचा नाही, आणि काच धरणाऱ्या स्पायडरला किंवा फ्रेमला काउटेल लावायचं नाही, ते काचेचं वजन घ्यायला आहेत, आपलं नाही. केमिकलचं तर फार सांभाळा. नायलॉनचा दोर आणि पट्टे ॲसिडने कमजोर होतात, पॉलिस्टर तीव्र अल्कलीने, आणि बऱ्याचदा वरून काहीच दिसत नाही. म्हणून डाग निघत नाही म्हणून बाथरूमचं ॲसिड वर नेणारा माणूस आपल्या जोडीदाराचा दोर जाळतोय हे लक्षात ठेवा. सिस्टीम परमनंट असते, दोर नाही. काम संपलं की दोर काढून सावलीत ठेवायचा, रोज वापरायच्या आधी हाताने चाचपायचा, आणि दर ६ महिन्यांनी नोंद करून तपासणी.

गरमीचं वेगळं सांगायला नको, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, पण काचेच्या छताखाली गरम हवा वर साठते आणि खाली एसी असला तरी वर घाम फुटतो. म्हणून आणि खालच्या गर्दीमुळे बरंच काम रात्रपाळीत असतं. खाली दोरी बांधून जागा बंद करायची, वायपर, स्क्रू ड्रायव्हर, बादली सगळं लॅनयार्डने (छोट्या दोरीने) बांधलेलं, खिशात मोबाईलसुद्धा नाही. फडकं पिळूनच वर घ्या, खाली फरशीवर थेंब पडला तर सकाळी कोणीतरी आजीबाई घसरेल.

कोर्सचं सांगतो. इंग्लंडमधली आयराटा ही संस्था १९८० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली, समुद्रातल्या तेलाच्या कामांमुळे, आणि गुहेत उतरणाऱ्यांचं तंत्र त्यामागे आहे. तीन लेव्हल आहेत. वय १८ पूर्ण पाहिजे, लेव्हल वनला किमान ४ दिवस ट्रेनिंग आणि मग बाहेरून आलेला असेसर परीक्षा घेतो. तिथे चढणं, उतरणं, एका दोरावरून दुसऱ्यावर जाणं, गाठ ओलांडणं, आडवं एड क्लाइंबिंग आणि उतरताना अडकलेल्या माणसाला खाली आणणं, सगळं करावं लागतं. एका क्षणासाठीही फक्त एकाच पॉइंटला लटकलात तर नापास धरा. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. वरच्या लेव्हलला जायला किमान १ वर्ष आणि १००० तास दोरावरचं काम लॉगबुकमध्ये सही घेऊन पाहिजे. लॉगबुक साईट सुटायच्या आधीच भरून सही घ्या, ठेकेदार बदलला की सही मिळणं अवघड होतं, आणि पानांचे फोटो काढून ठेवा.

पैसे भरण्याआधी ट्रेनिंग सेंटर आयराटाचं मेंबर आहे का ते संस्थेच्या वेबसाईटवर बघा, फीमध्ये परीक्षेची फी धरली आहे का, राहणं-खाणं कुणाचं, नापास झालं तर परत किती, हे लिहून मागा. नोकरीची गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा. अन एक, नुसता दोर येऊन भागत नाही. इलेक्ट्रिशियन असेल तर वर जाऊन लाईट बदलेल, फिटर असेल तर ब्रॅकेट कसेल, सीलंट मारता येणारा तर सगळ्यांना लागतो. म्हणून आयटीआय अर्धवट सोडून कोर्सला पळू नका.

घरच्यांना भीती वाटणारच. माझी आजी अजून विचारते, "दोरवर लटकीसन काय काम करस रे भाऊ?" तिला मी हार्नेस घरी आणून दाखवला, दोन्ही दोर दारातल्या कडुनिंबाला बांधून दाखवले, दुसरा दोर कशासाठी ते सांगितलं. तुम्हीपण दाखवा. आणि कोर्सला जायच्या आधी आठची गाठ, नऊची गाठ, बटरफ्लाय आणि बॅरल या चार गाठी घरी बसून डोळे मिटून बांधता येईपर्यंत करा, म्हणजे तिथले दिवस गाठी शिकण्यात न जाता रेस्क्यू शिकण्यात जातील.