पिल्लू कोंबडी की कोंबडा? ओळखताना या चुका टाळा

पिल्लं घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात कोंबड्या किती आणि कोंबडे किती? उत्तराची घाई झाली की चांगली तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) कोंबडा समजून कुणाला तरी दिली जाते, आणि अंड्यांच्या आशेने वाढवलेलं पिल्लू चौथ्या महिन्यात बांग देतं. बहुतेक वेळा खूण खोटी नसते. ती चुकीच्या वयात किंवा चुकीच्या जातीत पाहिलेली असते.

काही खुणा मात्र मुळातच खोट्या आहेत. टोकदार अंड्यातून नर आणि गोलसर अंड्यातून मादी निघते, हा समज त्यातला सगळ्यात चिवट. एकच कोंबडी साधारण एकाच आकाराची अंडी घालते आणि त्यातून दोन्ही प्रकारची पिल्लं निघतात, एवढं पाहिलं तरी पुरे. कोंबड्यांमध्ये मादीत झेड-डब्ल्यू आणि नरात झेड-झेड अशी गुणसूत्रं असतात. त्यामुळे पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं, आणि तेही कवच चढण्याच्या आधी. अंड्यावर दोऱ्याला अंगठी बांधून फिरवणं किंवा पिल्लाला उलटं धरून ते पाय झाडतं का बघणं, यालाही आधार नाही. पिल्लांत नर-माद्या साधारण निम्म्या निम्म्या असतात, म्हणून कुठलाही अंदाज निम्म्या वेळा बरोबर निघतो आणि समज टिकून राहतो.

पंखाची खूण सरसकट लावणं

ही पद्धत खरी आहे, पण तिला अटी आहेत. पिल्लाचा पंख बोटांनी अलगद पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची उडण्याच्या पिसांची, वरची त्यांना झाकणाऱ्या पिसांची. खालची पिसं वरच्यांपेक्षा ठळक लांब असतील तर मादी. दोन्ही ओळी सारख्या असतील किंवा वरचीच लांब असतील तर नर. पण हे फक्त तेव्हाच लागू पडतं जेव्हा बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची असते. तेही पहिल्या दोन-तीन दिवसांतच. संकर माहीत नसलेल्या पिल्लांचे पंख पाहून नर-मादी वेगळे करू नका.

रंगाचंही तसंच. पट्टेरी कोंबडी आणि बिनपट्ट्याचा, गडद रंगाचा कोंबडा यांच्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेली पिल्लं नर निघतात. मात्र हाच ठिपका त्यांच्या पुढच्या पिढीत शोधायला गेलात तर फसाल.

शेपटीखाली दाबून पाहणं

एक दिवसाच्या पिल्लाच्या गुदद्वाराच्या आत पाहून लिंग ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. उबवणी केंद्रांत ती करणाऱ्यांनी दीर्घ प्रशिक्षण घेतलेलं असतं. नवख्या हातांनी दाबलं तर पिल्लाला आतून इजा होते, पोटातली बलकाची पिशवी फुटू शकते. घरी हे अजिबात करू नका.

तुऱ्यावरून लगेच निकाल देणं

पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा जाड, गुलाबी-लाल होऊ लागतो आणि चोचीखालचे लोंबते भागही ठळक होतात. पण ही तुलना एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांमध्येच करा. लेगहॉर्नच्या तलंगांचाही तुरा मोठा होतो. ब्रह्मासारख्या जातीत तुरा आखूड आणि तीन ओळींचा असतो. तिथे उंची नाही, रुंदी आणि रंग पाहायचा. कडकनाथात तर तुरा काळपट, म्हणून लाली शोधण्यात अर्थच नाही. आणि अंड्यावर येण्याच्या सुमारास तलंगेचाही तुरा लालभडक होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक लाल झालेला तुरा पाहून तिला कोंबडा ठरवू नका.

माझा सगळ्यात जास्त विश्वास कमरेवरच्या पिसांवर आहे. तीन महिन्यांच्या पुढे पक्षी हातात घ्या आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीवरची पिसं बोटाने वेगळी करून पाहा. मादीचं पीस टोकाला गोल असतं. नराचं लांब, अरुंद, टोकाकडे निमुळतं होत जातं, त्याला चमक असते आणि ते शेपटीच्या दोन्ही बाजूंनी खाली ओघळतं. मानेवरच्या पिसांतही हाच फरक दिसतो, पण तो कमरेइतका स्पष्ट नसतो. अपवाद लक्षात ठेवा: सेब्राइटच्या नराला मादीसारखीच गोल पिसं येतात आणि सिल्कीच्या मऊ पिसांत हा फरक वाचताच येत नाही.

आरवत नाही म्हणून ती कोंबडी, असंही धरू नका. कळपात वरचढ कोंबडा असेल तर दुबळा नर बराच काळ गप्प राहतो. उलट, कोंबडा नसलेल्या कळपात एखादी कोंबडीही आरवते. पायामागचा काटा वयस्क कोंबडीलाही येऊ शकतो.

पिल्लांच्या पायात वेगवेगळ्या रंगांच्या कड्या घाला आणि दर आठवड्याला त्याच पिल्लाचा तुरा व कंबर बघा. नाहीतर आज पाहिलेलं आणि उद्या पाहिलेलं पिल्लू एकच आहे का, तेच कळत नाही. लवकर कळणं गरजेचंच असेल तर पिसाच्या मुळावरून किंवा रक्तावरून डीएनए तपासणी होते. कड्या मात्र पाय जाड होतील तशा बदला, घट्ट झाल्या की मांसात रुततात.