प्रार्थनासभेतल्या अन्य भाषा: आधी वाचा, मग ऐका

मी एक छोटा ख्रिस्ती प्रार्थनागट चालवते. आमच्यात काहीजण प्रार्थना करताना पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या अनोळखी भाषेत बोलतात; त्यालाच अन्य भाषा म्हणतात. सभा सुटली की नवीन आलेलं कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, मघाशी ते काय बोलत होते?" मी लगेच उत्तर देत नाही, बायबल उघडून हातात देते. हा विषय ऐकीव गोष्टींवर समजून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 पासून करा. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत पार्थी, मेदी, क्रेतीय, अरब असे दूरदूरचे लोक जमले होते. शिष्यांच्या तोंडून देवाची महत्कृत्ये त्यांना आपापल्या भाषेत ऐकू आली. म्हणजे इथे ऐकणाऱ्याला कळत होतं. अध्याय 10 मध्ये येशूचा शिष्य पेत्र अजून बोलतोय तोच कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा उतरतो, आणि त्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, अन्य भाषांत देवाची स्तुती करताना ऐकून पेत्राबरोबर आलेले यहूदी विश्वासी थक्क होतात. देवाने यांनाही आपलंसं केलं, याची ती साक्ष होती. मग अध्याय 8 वाचा. शोमरोनातल्या लोकांना आत्मा मिळाला, पण भाषांचा तिथे उल्लेखच नाही. हे चारचौघांत सांगायला लोक कचरतात. मी मुद्दाम सांगते.

आता करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 12 ते 14, एका बैठकीत वाचा. तुकडे करू नका. प्रीतीचा तेरावा अध्याय लग्नात वाचला जातो, पण हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तो कृपादानांच्या, म्हणजे आत्म्याने दिलेल्या देणग्यांच्या, चर्चेच्या मधोमध ठेवलाय; अन्य भाषा ही त्यातलीच एक. चौदाव्यात तो म्हणतो की अन्य भाषेत बोलणारा माणसांशी नव्हे, देवाशी बोलतो आणि त्याने त्याची स्वतःची उन्नती होते. तो स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त भाषा बोलतो, त्याबद्दल देवाचे आभारही मानतो. तरीही मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या सभेत, अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात. म्हणून माझ्या मते या दानाचं खरं घर एकांतातली प्रार्थना आहे. दुःखाने शब्द सुचेनासे होतात तेव्हा मी स्वतः अशी प्रार्थना करते आणि मन हलकं होतं.

सभा चालवणाऱ्यांनी चौदाव्या अध्यायातल्या 27 आणि 28 या ओव्या पाठच कराव्यात. दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावं. मी हे सभेच्या सुरुवातीलाच सांगते, म्हणजे मध्येच कुणाला थांबवून दुखवावं लागत नाही. अर्थ सांगितला गेला की तो पवित्र शास्त्राशी ताडून पाहा. कुणाचं नाव घेऊन "याच्याशी लग्न कर", "तिला पैसे दे" असा अर्थ निघाला, तर मी तो मान्य करत नाही.

एक गोष्ट कधीही करू नका: नवख्याच्या डोक्यावर हात ठेवून "बोल, माझ्यामागून म्हण" असा आग्रह. एका सभेत एक मुलगी कोपऱ्यात रडत बसली होती. तिला भाषा येत नाही म्हणून तिच्यात आत्माच नाही, असं तिला सांगितलं होतं. मी तिला 12:30 वाचून दाखवलं: सगळेच अन्य भाषा बोलतात काय? पौलाला अपेक्षित उत्तर "नाही" असंच आहे. तिने ती ओवी दोनदा वाचली आणि डोळे पुसले.

मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, ते लपवू नका. 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांतून जे संजीवन पसरलं, त्या पेंटेकॉस्टल परंपरेतल्या अनेक मंडळ्या अन्य भाषांना आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्याची, पहिली खूण मानतात. दुसरीकडे काहीजण 13:8 दाखवून म्हणतात की प्रेषितांच्या काळाबरोबर भाषा संपल्या. मला ते पटत नाही. भाषा कधी संपतील हे सांगताना त्याच अध्यायात पुढे देवाला "समोरासमोर" पाहण्याची गोष्ट आहे, आणि ती वेळ अजून आलेली नाही. पण असं मानणाऱ्या बहिणीला मी गटाबाहेर ठेवणार नाही.

आणि गोंधळाच्या भीतीने सरसकट बंदी घालायचा विचार मनात आला, तर चौदाव्याचा शेवटही वाचा. अन्य भाषा बोलण्यास मनाई करू नका, असं पौल तिथे स्पष्ट लिहितो, आणि लगेच पुढे, सर्व काही शिस्तीने होऊ द्या.