नवा प्रोसेसर घेण्याआधी जुन्या पीसीवर ही चाचणी करा

‘आय७ घे, आय५ पेक्षा भारीच असतो’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. इंटेलचा आय७-२६०० हा २०११ सालचा प्रोसेसर. २०२२ चा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो, आणि दोघांनाही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) चारच. आधी पिढी पाहा (नंबराचे सुरुवातीचे अंक: २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी), मग आय३-आय५-आय७.

१. काम ठरवा. ब्राउझर, एक्सेल, टॅली, मुलांचे ऑनलाइन क्लास एवढंच असेल तर आय३-१२१०० पुरे. उरलेले पैसे एसएसडी आणि १६ जीबी रॅमवर घाला.

२. गेम नेमका कशामुळे अडकतो ते शोधा. सगळे चुकतात ते इथेच, आणि मलाही हे उमगायला बराच काळ लागला. लोक टास्क मॅनेजर उघडतात, सीपीयू ४० टक्के दिसतो आणि ‘प्रोसेसर तर निवांत आहे’ म्हणून महागडं ग्राफिक्स कार्ड आणतात. तो आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामांच्या धाग्यांची, सरासरी असतो. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला, तरी त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा लावूनही खात्री होत नाही, कारण विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं.

म्हणून सीपीयूचा नाही, ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करा, कार्डचा वापर दाखवणारं आफ्टरबर्नरसारखं मोफत साधन लावा आणि गेममधल्या गर्दीच्या जागी जा. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर नव्या प्रोसेसरने फ्रेम वाढणार नाहीत. ते ६०-७० वर घुटमळत असेल, तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करून त्याच जागी पुन्हा खेळा. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर अडचण प्रोसेसरच्या बाजूला आहे.

तरीही लगेच दुकानात जाऊ नका! रॅमची एकच पट्टी असेल किंवा बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद असेल, तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. आधी एक्सएमपी चालू करा, दुसरी पट्टी लावा आणि चाचणी पुन्हा करा. कित्येकांचा प्रोसेसरचा खर्च इथेच वाचतो.

३. नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. इंटेलचा ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएमडीचे रायझेन ५ ५६०० आणि ५६००जी (‘जी’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स आहे) दिसायला सख्खे भाऊ, पण पहिल्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) ३२ एमबी, दुसऱ्यात १६. वेगळं कार्ड लावणार असाल तर ‘जी’ घेऊच नका. रायझेन ५ ५५०० मध्येही १६ एमबीच आहे. गेममध्ये कॅशचा फरक ठळक जाणवतो. ५८००एक्सथ्रीडी आणि ७८००एक्सथ्रीडी यांत ती ९६ एमबी आहे, आणि काउंटर-स्ट्राइक २ किंवा फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांनी जादा पैसे तिथेच घालावेत. नुसत्या जास्त कोअरसाठी पैसे मोजणं गेमिंगला निरर्थक आहे. सहा चांगले कोअर पुष्कळ झाले.

४. सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती खाच) जुळवा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा. नवीन पीसी जुळवत असाल तर माझं मत एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटला: रायझेन ५ ७६०० आणि डीडीआर५. या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट मात्र १४ व्या पिढीवरच थांबला.

५. वापरलेला घेताना सावध राहा. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे चिप झिजण्याचा दोष होता. २०२४ मध्ये मायक्रोकोडची (बायोस अपडेटमधून येणाऱ्या, चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली, पण आधी झालेली झीज तिने भरून येत नाही, आणि ती नुसतं पाहून कळतही नाही. या दोन पिढ्यांचा, नावात शेवटी ‘के’ असलेला वापरलेला प्रोसेसर मी ओळखीच्या कुणालाही घेऊ देत नाही, भाव कितीही पाडून मिळत असला तरी.