बाळाच्या पावलावरची लाल गाठ: काय करायचं, काय टाळायचं

जन्मानंतर दोन-चार आठवड्यांत पावलावर लाल ठिपका उमटून फुगत चालला, तर तो बहुधा हिमँजिओमा असतो, म्हणजे रक्तवाहिन्यांची, कर्करोग नसलेली गाठ. ती झपाट्यानं वाढते पहिल्या तीन ते पाच महिन्यांत. म्हणून ‘मोठेपणी जाईल’ म्हणत थांबू नका. पहिल्याच महिन्यात दाखवा. जन्मापासून असलेली, निळसर, दाबल्यावर बसणारी आणि पाय लोंबकळला की फुगणारी गाठ वेगळी. तो शिरांचा जन्मजात दोष असू शकतो, तो आपोआप जात नाही आणि खालची औषधं त्यावर चालत नाहीत. डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, फरक कळतो.

बिब्बा, चुना, चटके यांतलं काहीही लावू नका. कातडी भाजते, जखम चिघळते, गाठ मात्र राहते. त्या पायातले वाळे आणि काळा दोराही काढा. घासून जखम होते.

लहान, पातळ गाठीवर डॉक्टर टिमोलॉल ०.५ टक्क्याचे थेंब देतात: एक थेंब, दिवसातून दोनदा, जखम नसलेल्या कातडीवरच. बाळं पाय तोंडात घालतात, म्हणून थेंब वाळला की वर सैल सुती मोजा.

मोठ्या किंवा जखम झालेल्या गाठीला प्रोप्रानोलॉल हे पोटात घ्यायचं औषध. गाठ आकसवण्याचा त्याचा गुण २००८ साली फ्रान्समध्ये लक्षात आला. आधी हृदय आणि छाती तपासतात. बाळाला घरघर होत असेल तर आवर्जून सांगा. सुरुवात दिवसाला किलोमागे १ मिलिग्रॅम, मग २. चार किलोच्या बाळाला ४ वरून ८ मिलिग्रॅम, दोन वेळांत वाटून. मात्रा डॉक्टरच ठरवतील. पहिला डोस दवाखान्यात, दोन तास देखरेखीखाली. चमच्यानं नाही, सिरिंजनं मोजा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून आकडा डॉक्टरांना कळवा. वजन वाढलं की मात्रा बदलते.

खरा धोका रक्तातली साखर उतरण्याचा. औषध दूध पाजतानाच किंवा पाजल्याबरोबर द्या. बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील, तर तो डोस टाळून डॉक्टरांना विचारा.  ओकून टाकलेला डोस पुन्हा देऊ नका. रात्रीही उठवून पाजा. थंड घाम, सुस्ती, धाप किंवा झटका दिसला की १०८ ला फोन करा. बाळ शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच दूध पाजा.

औषध साधारण सहा महिने तरी चालतं. मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा फुगू शकते.

जखमेवर व्हॅसलिन आणि न चिकटणारी जाळीची पट्टी. कोरडा कापूस चिकटतो, काढताना खपली उपटते. रक्त आलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं, मध्ये न उचलता दाबून धरा.

तपासणीसाठी आशाताईमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पुढे, विदर्भात असाल तर, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं एम्स, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय).