ब्रोकरमार्फत लीज? आधी हे विचारा

अमेरिकेत बीएमडब्ल्यू किंवा लेक्सस ब्रोकरमार्फत लीजवर घेणार असाल, तर महिन्याचा हप्ता ऐकून लगेच होकार देऊ नका. आधी मनी फॅक्टर, म्हणजे लीजवरचं व्याज ज्या छोट्या आकड्यात सांगतात तो, विचारा. त्याला 2400 ने गुणलं की व्याजाचा वार्षिक दर कळतो, 0.0025 म्हणजे 6 टक्के. डीलर यात भर घालू शकतो, म्हणून फायनान्स कंपनीचा मूळ दरही लेखी मागा. ब्रोकरची फी वेगळी दाखवलेली हवी.

विम्याचं कोटेशन सही करण्यापूर्वीच घ्या. लीज कंपन्या बहुधा 100/300/50 लायबिलिटी (तुमच्या चुकीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई) मागतात: एका व्यक्तीच्या इजेसाठी 1 लाख, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून 3 लाख, मालमत्तेसाठी 50 हजार डॉलर. डिडक्टिबलवरही (दाव्यात आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) मर्यादा असते, अनेकदा 1000 डॉलर. त्यामुळे कव्हर कापून बचत होत नाही. घराचा आणि गाडीचा विमा एकाच कंपनीकडे घेतला, दोन-तीन ठिकाणचे दर ताडून पाहिले, की खरा फरक पडतो. गाडी पूर्ण निकामी झाल्यास विम्याची रक्कम आणि लीजची बाकी यांतली तफावत भरणारं गॅप कव्हर बऱ्याच लीजमध्ये आधीच असतं. करारात ते असेल, तर विमा कंपनीकडून पुन्हा घेऊ नका.